भरीत, भाकरी आणि फ्रीजमधली वाईन : नाशिककर घरी काय पितात आणि कशाबरोबर?

भरीतभाकरी

परवा शनिवारी भरीत केलं होतं. थंडी पडली की जळगावकडची ती लठ्ठ, फिकट हिरवी वांगी आपल्याकडेही यायला लागतात. दोन वांग्यांना तेलाचा हात लावला आणि थेट गॅसवर ठेवून साल काळी पडून फुटेस्तोवर भाजली. हिरवी मिरची आणि लसूण खलबत्त्यात ठेचला, तेलात शेंगदाणे तळले, वरून कांद्याची पात मूठभर. बाजरीची भाकरी तव्यावर फुगत होती तेवढ्यात नवऱ्यानं फ्रीजच्या दारातून शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनची बाटली काढून साध्या पाण्याच्या ग्लासात ओतली. ग्लासावर लगेच दव धरलं.

मिरच्या लवंगी होत्या, भरीत चांगलंच झणझणीत झालं होतं. त्यावर तो थंडगार घोट. आधी पिकल्या पेरूसारखा वास, मग जिभेवर किंचित गोडवा, आणि शेवटी लिंबू पिळावं तशी आंबट कड. तिखटाचा जाळ बसला, पण वांग्याचा धुरकट वास मागे तसाच राहिला, उलट जास्त कळायला लागला. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही. भाकरी तोडायची, घास घ्यायचा, घोट घ्यायचा.

नाशकात राहून मला हे कळायला चाळिशी यावी लागली. वाईन म्हणजे मुंबईचे पाहुणे आले की त्यांना गंगापूर धरणाकडे घेऊन जायची गोष्ट, किंवा मोठ्या हॉटेलात चीज आणि पास्त्याबरोबर प्यायची गोष्ट, असं मनात बसलं होतं. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर वेली आहेत, तिथे १९९७ साली सुला या वाईन कंपनीच्या राजीव सामंतांनी शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढऱ्या वाईनची द्राक्षं लावली, २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या, आणि एवढ्या वर्षांत ही वाईन आपल्या स्वयंपाकघरात कुठे बसते हे मी कधी करून पाहिलं नव्हतं. गेली तीन वर्षं पाहतेय. माझं ठाम मत झालं आहे की आपल्या रोजच्या जेवणाला इथली साधी, स्वस्तातली वाईन फार छान लागते, आणि त्यासाठी पगाराला भोक पाडायची गरज नाही.

आमचं गणित सांगते. महिन्याला दोन बाटल्या, दोन्ही मिळून पंधराशेच्या आत. ७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात. शनिवारी दोघांचे दोन, रविवारी दोन, उरलेला एक बुधवारी अर्धा अर्धा. बाटली उघडली की झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवायची, चार दिवस सहज टिकते. इथल्या बहुतेक बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे बूच काढायचा स्क्रू वगैरे काही लागत नाही. हॉटेलात त्याच बाटलीचे दुप्पट-अडीचपट मोजावे लागतात, म्हणून बाहेर आम्ही वाईन घेतच नाही. बाहेर जेवायला जातो ते जेवणासाठी.

आता काय कशाबरोबर लागतं ते, माझ्या अनुभवातून.

कोथिंबीर वडी आणि सोव्हिन्यों ब्लाँ ही माझ्या मते नाशिकची जोडी आहे. या द्राक्षाच्या वासातच हिरवेपणा असतो. भोपळी मिरचीला जो कच्चा हिरवा वास येतो, त्याच जातीचं द्रव्य या द्राक्षातही असतं. त्यामुळे कोथिंबीर, हिरवी मिरची, ठेचा हे सगळं तिच्याशी लगेच जमतं. शिवाय वडी तळलेली. तेलकटपणा कापायला आंबट काहीतरी हवं असतं, म्हणून तर आपण भजीवर लिंबू पिळतो. तेच काम ही वाईन करते.

काळ्या मसाल्याच्या मटणाला शिराझ ही लाल वाईन. लाल वाईन घेतली की हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, कच्च्या सुपारीसारखं? तो तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. मटणाची चरबी त्याला मऊ करते. पण मटण जाळ केलंत तर तीच वाईन तिखटाला आणखी पेटवते, मग दोन्ही वाया. मी शिराझच्या दिवशी तिखट निम्मं घालते आणि खोबरं-कांद्याचं वाटण वाढवते.

आणखी एक गोष्ट जीव तोडून सांगते. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते थंड देशातल्या खोलीचं तापमान आहे, सोळा-अठरा अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. लालसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, पांढरी तर चार तास. फरक लगेच कळेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुकानातून बाटली आणली. दुकानाच्या काचेत, उन्हात मांडून ठेवलेली. घरी उघडली तर शिजवलेल्या जॅमचा वास, आणि चव सपाट. ओतून द्यावी लागली, आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यामागे कुणाच्या तरी बागेचं वर्षभराचं काम होतं. तेव्हापासून आत, सावलीत, थंड जागी ठेवलेलीच बाटली मागते. स्वतःच्या गाडीच्या डिकीतही विसरू नका.

तुम्ही काय करता? विशेषतः शाकाहारी जेवणाबरोबर काय जमलं ते लिहा.

सातपूरकर

छान लिहिलंय. पण पंधराशे रुपये महिना सगळ्यांना सहज परवडतील असं नाही. आमच्याकडे दोन मुलांच्या क्लासच्या फिया आहेत. आम्ही मित्र चौघं मिळून महिन्यातून एक बाटली आणतो, माणशी दोनशेच्या आत पडते. एक ग्लास येतो वाट्याला आणि पुरतो. कुणाकडे तरी जमायचं, प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. मागच्या वेळी एकाच्या घरून पाटवडीचा रस्सा आला होता, त्याबरोबर रोझे प्यायलो. अजून आठवतोय.

भरीतभाकरी

हे तर फारच चांगलं. पाटवडी आणि रोझे! बेसनाला असं काहीतरी आंबटसर, हलकं लागतंच. रोझे लाल द्राक्षाचीच असते, फक्त साल रसात काही तासच ठेवतात, म्हणून रंग गुलाबी आणि तुरटपणा जवळजवळ नाही. रस्सा फार तिखट होता का?

सातपूरकर

मध्यम. वहिनींना सांगूनच ठेवलं होतं.

तर्रीवाला

मिसळीचं नाव नाही म्हणजे धागा अपुरा आहे. नाशिकची ओळख मिसळ. मी रविवारी मिसळ घरी आणून तिच्याबरोबर थंड वाईन घेतली आहे, मला आवडली.

भरीतभाकरी

मी दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा मला वाईन हरवल्यासारखी वाटली. तर्रीत तिखट, तेल, गरम मसाला सगळं वरच्या पट्टीत असतं. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतो, त्यामुळे दुसऱ्या घासानंतर मला जीभच उरली नाही. आणि मिसळ ही आपली सकाळची गोष्ट आहे. सोमेश्वरच्या बाजूला सकाळी झाडाखाली बसून मिसळ, पापड, दही, वर जिलेबी. तिथे ताकच हवं. मिसळीला मी वाईनच्या बाजूला ओढणार नाही, तिचा मान वेगळा आहे.

तुम्ही कुठली घेतली होती?

तर्रीवाला

शेनिनच, पण लेबलवर गोडसर लिहिलेली. आणि तर्री बाजूला ठेवून, नुसती मटकी-फरसाण-रस्सा. वर दही जास्त. सकाळच्या मिसळीबद्दल मान्य.

भरीतभाकरी

मग बरोबर आहे, गोडवा आणि दही दोन्हींनी आग धरून ठेवली. तिखट जेवणाला गोडसर आणि खूप थंड, हे सूत्र इथेही चाललं.

द्राक्षबाग

ताई, तुम्ही बागेचं वर्षभराचं काम म्हणालात, म्हणून लिहायला बसलो. मी निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षं वडलांपासून. शहरातल्या लोकांना वाटतं खायचं द्राक्ष उरलं की त्याची वाईन करतात. तसं नाही. थॉमसन, सोनाका ही खायची जात. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. त्याला विरळणी करायची, जीए या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे, मणी फुगवायचा, कारण व्यापारी मण्याचा आकार बघतो. वाईनचा मणी बारीक, साल जाड, आत बी. फुगवायचाच नाही. चव आणि रंग सालीत असतो, मणी बारीक राहिला तर रसाच्या मानानं साल जास्त मिळते.

छाटण्या दोन्हीकडे दोन. एप्रिलात खरड छाटणी, तीत काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं. जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात वर्षात एकच छाटणी आणि पीक त्यांच्या शरदात, आपलं पीक हिवाळा संपताना. आपल्याकडे दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो, त्यामुळे गोडी भरते आणि आंबटपणा अगदीच उडून जात नाही. आंबटपणा उडाला तर वाईन मिळमिळीत होते. आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून साखर बघतो. बावीस-चोवीस ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आली की वायनरीचा माणूस तोडणीची तारीख देतो. तोडणी पहाटे, बॅटऱ्या लावून, माल तापायच्या आत क्रेट पोचले पाहिजेत. एकदा मी जानेवारीत चार वाजता बागेत उभा होतो, मजुरांच्या बोटांना रस लागून थंडीनं बोटं आखडली होती, मधेच थांबून शेकोटीवर हात शेकायचे आणि परत कात्री धरायची.

एक जखमही सांगतो. २००१ साली सरकारचं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आलं, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडे लोकांनी धडाधड वाईनच्या बागा लावल्या. मीही दीड एकर लावली. २००८-०९च्या मंदीनंतर माल पडून राहिला. ज्यांच्याशी माझा करार होता त्यांनी एका हंगामात निम्माच माल उचलला. वाईनचं द्राक्ष बाजारात विकता येत नाही, बी आणि जाड साल कोण खाणार? घड वेलीवरच सुकले. मी बाग कुऱ्हाडीनं तोडली, तेव्हा आई ओट्यावर बसून रडत होती.

आता परत एक एकर शिराझ आहे, दुसऱ्यांशी करार आहे, चार हंगाम नीट गेले. म्हणून म्हणतो, शहरातल्या माणसानं महिन्याला एक-दोन बाटल्या घरी नेऊन जेवणाबरोबर प्यायल्या तर आम्हाला त्याचा आधार वाटतो. पर्यटकांची गर्दी हंगामी असते.

भरीतभाकरी

दादा, हे वाचून किती वेळ नुसती बसून राहिले. आई रडत होत्या ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. तुमची शिराझ कोणत्या बाटलीत जाते ते विचारत नाही, पण यापुढे शिराझ ओतताना तुमची बाग आठवेल.

मावशी_पंचवटी

अगं, मी सत्तरीची आहे. आमच्या घरात दारू हा शब्दही कुणी काढत नसे, गोदाकाठचं घर, पूजाअर्चा. सून आणि मुलगा घेतात, माझ्यासमोर घेतात, मला त्याचं वाईट वाटत नाही. एकदा संक्रांतीला मी गुळाची पोळी केली होती. सुनेनं एक छोटी बाटली आणली, म्हणाली आई, ही गोड आहे, तूप लावलेल्या पोळीबरोबर घोटभर घेऊन बघा. मी घेतली. मनुका भिजवलेल्या पाण्यासारखी लागली, मधासारखी दाट. तीळ आणि गुळाशी ती अगदी एकजीव झाली. ती कसली असते?

भरीतभाकरी

मावशी, ती बहुधा लेट हार्वेस्ट असणार. घड वेलीवर जास्त दिवस ठेवतात, मणी सुकायला लागतात, पाणी कमी होऊन साखर दाटते, म्हणून तुम्हाला मनुकांची चव लागली. गोड पदार्थाबरोबर वाईन पदार्थाहून गोड असावी लागते, नाहीतर ती आंबट लागते. पुरणपोळीबरोबर साधी पांढरी प्यायले होते एकदा, व्हिनेगर वाटली. तुमच्या सुनेनं अगदी अचूक निवड केली. गुळाच्या पोळीचं मी या संक्रांतीला नक्की करणार.

बोरिवलीकर

आम्ही दरवर्षी शनिवार-रविवार नाशिकला येतो. वायनरीत टेस्टिंगला, म्हणजे वाईन चाखायला रांग, जेवायला रांग, गाडी लावायला रांग. स्थानिक लोक काय करतात?

भरीतभाकरी

स्थानिक लोक शनिवारी तिकडे फिरकतच नाहीत. जमलं तर मंगळवार-बुधवारी दुपारी या, त्यातही फेब्रुवारीत. तोडणी चालू असते आणि टेस्टिंगला चार माणसं असली तर ओतणारा मुलगा निवांत बोलतो, प्रश्न विचारता येतात. गंगापूर-सावरगाव रस्त्यावरच थांबू नका, इगतपुरीच्या बाजूलाही चांगल्या वायनऱ्या आहेत, तुमच्या वाटेवरच. आणि जेवण गावात येऊन जेवा.

गाडी चालवणाऱ्यानं मात्र घोटही घेऊ नये. कायद्यानं मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण धरणाचा रस्ता अंधारा आहे, वळणं आहेत, ट्रॅक्टर बिनदिव्याचे असतात. आमच्यात एक जण ठरलेला असतो, त्याची बाटली घरी नेऊन उघडतो.

पथ्यपाणी

धाग्याचा सूर आवडला, पण वैद्यकीय क्षेत्रात आहे म्हणून लिहिते. रेड वाईन हृदयाला चांगली, हे वाक्य लोक अजून औषधासारखं वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. यकृताचा त्रास, गरोदरपण, बीपी-शुगरची काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. ज्यांच्या घरात व्यसनाचा इतिहास आहे त्यांनी सुरूच करू नये.

भरीतभाकरी

तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. माझे काका दारूनं गेले. वडलांनी आयुष्यभर थेंब घेतला नाही त्यामागे तेच कारण होतं, आणि मी पहिली बाटली आणली तेव्हा माझाही हात अडखळला होता. म्हणून आमच्या घरी नियम आहे, ताट वाढल्याशिवाय ग्लास भरायचा नाही, आणि एकटीनं कधी घ्यायची नाही. कुणी माझ्या धाग्यामुळे औषध म्हणून प्यायला सुरुवात केली तर मला ते नको आहे. चवीसाठी आहे, तेवढीच.

सातपूरकर

एक विचारायचं राहिलं. वाईन शॉपमध्ये जायला बायको तयार नसते. बाहेर घोळका, आत व्हिस्कीच्या क्वार्टर मागणारे. नावाला वाईन शॉप आणि वाईन एका कोपऱ्यात. सुपरमार्केटमध्ये मिळणार होती ना?

भरीतभाकरी

जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळानं तसा निर्णय घेतला होता, १००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळं कपाट करून विकायचा. अण्णा हजारेंसह बऱ्याच जणांनी विरोध केला आणि ते मागे पडलं. विरोध करणाऱ्यांची काळजी मला समजते, किराणा आणताना मुलं बरोबर असतात. तरी बाईमाणसाला संकोच न वाटता जाता येईल अशी जागा हवी, हेही तितकंच खरं. मी दुपारी बाराच्या सुमारास जाते, तेव्हा गर्दी नसते. नाहीतर सरळ वायनरीच्या दुकानातून आणते, तिथे बाटल्या गार जागेत ठेवलेल्या असतात हा वरचा फायदा.

द्राक्षबाग

ताई, घरात बोलणं काढलं. आई आता ऐंशीची आहे. तिला म्हटलं शहरात लोक आपल्या द्राक्षाची वाईन भरताबरोबर पितात. ती म्हणाली, मग त्यांना आपली पात पाठव. कांद्याचं रोप टाकलंय, पात कोवळी आहे.

भरीतभाकरी

आईंना नमस्कार सांगा. आणि विचारा, भरतात त्या शेंगदाणे अख्खे घालतात की कुटून?

द्राक्षबाग

अख्खे. आणि वांगं तुरीच्या काड्यांवर भाजायचं म्हणते, गॅसवर नाही. शिराझबरोबर मी आज तसं करून बघितलं. आईनं वाईन नाही घेतली, पण ग्लास नाकाशी धरून म्हणाली, पावसात भिजलेल्या बागेसारखा वास येतोय.